नमुन्याची प्रयोगशाळा आणि कारागीर



व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले तेव्हा कामगार चळवळीवर आम्ही बोलावे अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. आमचे सारे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांपुढे गेले. दुसऱ्या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांला कोण देणार? तरीही आम्ही विषय बदलून मागितला. विद्यापीठांतून आणि वास्तुकलेच्या महाविद्यालयांतून अलीकडे एक नवी प्रयोगशाळा निघू लागली आहे. तिथे इमारतींच्या, यंत्रांच्या आणि नित्य वापराच्या वस्तूंच्या लहान प्रतिकृती संगणकाच्या साहाय्याने तयार करतात. आम्ही तिला 'नमुन्याची प्रयोगशाळा' म्हणतो. युनियनच्या माणसाला या प्रयोगशाळेशी काय कर्तव्य, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर देण्यासाठीच आम्ही उभे आहोत. पुढे जे सांगणार आहोत त्यातले काही आम्ही वाचून मिळवले आहे आणि काही ठेच लागून. महाविद्यालयाची पायरी आम्ही चढलो नाही. तेव्हा चुकेल तेथे विद्वानांनी सांभाळून घ्यावे.

आरंभ घरापासूनच करू. आपण सारे ढोल्या गणपतीच्या दर्शनाला जातो. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते देऊळ १७६२ साली बांधले. मूर्ती पाहून आपण परततो. देवळाची मागची बाजू पाहायला फारसे कोणी जात नाही. ती सपाट नाही, माशाच्या आकारासारखी निमुळती बांधलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा भिंतीवर आपटून थांबत नाही, दोहों बाजूंना फाटून निघून जातो. ज्या गवंड्यांनी ही मागची बाजू रचली त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत, पण अडीचशेहून अधिक पावसाळे ती भिंत परीक्षा देत आहे. माशाचे अंग पाण्यातून कसे सरकते हे त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि पाहिलेले दगडात उतरवण्याची अक्कल त्यांच्या हातांत होती.

आता प्रश्न असा, की दरवेळी नदीलाच परीक्षक नेमून कसे भागेल? भिंत चुकली तर देऊळ जाईल, माणसे जातील. म्हणून फार जुन्या काळापासून माणसाने एक युक्ती काढली: मोठी वस्तू करण्यापूर्वी तिची लहान प्रतिकृती करायची आणि तिच्यावर आपल्या चुका करून घ्यायच्या. इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या मोठ्या चर्चवर एवढा रुंद घुमट कसा चढवावा हे कोणालाच उमजत नव्हते. १४१८ साली स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा ब्रुनेलेस्की या कारागिराने विटांचा नमुना बांधून दाखवला, आणि १४३६ मध्ये घुमट पुरा झाला. हा ब्रुनेलेस्की मुळात सोनारकाम शिकलेला होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

दुसरे उदाहरण स्पेनमधल्या गौदी या वास्तुकाराचे. त्याने कोलोनिया ग्वेल येथील चर्चसाठी जो नमुना केला तो उलटा टांगलेला होता. छताला दोऱ्या बांधल्या आणि त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या लहान पिशव्या लोंबकळत ठेवल्या. यातले मर्म आपल्याला घरी तपासता येईल. गळ्यातली साखळी दोन्ही टोकांना धरून लोंबू द्या. ती जो बाक घेते त्यात प्रत्येक कडी फक्त ताणली जाते, वाकत नाही. तोच बाक उलटा करून दगडात बांधला, तर प्रत्येक दगड फक्त दाबला जातो, आणि दाब सोसणे हा तर दगडाचा धर्मच आहे. कमानीचे सारे गणित त्या साखळीने न बोलता करून दिले. गौदीच्या बार्सिलोनातील मोठ्या चर्चचे प्लास्टरचे नमुने १९३६ च्या यादवी युद्धात फोडले गेले. पुढच्या पिढ्यांनी ते तुकडे जुळवले आणि अलीकडे त्यांवरून संगणकावर आकार बसवून उरलेले बांधकाम चालवले. नमुना फुटला तरी त्याचे तुकडे बोलू शकतात, असा हा अनुभव आहे.

इतक्या लांब जाण्याचेही कारण नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. त्याचे मूळ १९१६ सालचे. तेथे नद्यांचे, धरणांचे, बंदरांचे नमुने मोकळ्या आवारात व मोठाल्या छपरांखाली मांडलेले असतात आणि त्यांतून खरे पाणी सोडतात. तेथला एक नियम आम्हांला फार आवडला. नमुना शंभर पटीने लहान केला, तर त्यातला वेळ शंभर पटीने नव्हे, दहा पटीने लहान धरावा लागतो. म्हणजे खऱ्या नदीला जो पूर ओसरायला दहा तास लागतात, तो नमुन्यात एका तासात ओसरतो. लहान पाण्याची घाई वेगळी आणि मोठ्या पाण्याची वेगळी.

परंतु श्रोतेहो, नमुना जसा शिकवतो तसा फसवतोही. ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ साली लिहून ठेवली आहे. समजा, एका इमारतीची शंभर पटीने लहान प्रतिकृती त्याच सामानाची केली. तिचे वजन शंभर पटीने नव्हे, दहा लाख पटीने कमी होते; कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही घटतात. पण वजन पेलणारा भिंतीचा छेद केवळ दहा हजार पटीने लहान होतो. याचा अर्थ असा, की खऱ्या इमारतीच्या भिंतीला दर चौरस इंचाला नमुन्याच्या शंभरपट भार सोसावा लागतो. टेबलावरचा नमुना डौलात उभा राहिला म्हणून जमिनीवरची इमारत उभी राहील असे मुळीच नाही. मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट दाणा उचलते. मुंगीएवढ्या बारीक प्रमाणाच्या पायांवर हत्ती केला, तर तो उठताच कोसळेल. मोठ्या गोष्टींच्या लहान प्रतिकृती पाहून भुलू नये, हा धडा आम्हां संघटनेच्या लोकांनाही लागू आहे. दहा माणसांच्या बैठकीत जे सहज जमते ते दहा हजारांच्या संपात जमत नाही.

आता या नव्या प्रयोगशाळेत शिरू. आत तीन-चार यंत्रे दिसतात. पहिले लेझरचे. प्रकाशाचा अत्यंत एकवटलेला किरण पुठ्ठा, प्लायवुड किंवा ॲक्रिलिक जाळत जातो आणि संगणकावर काढलेल्या रेषेबरहुकूम तुकडा कापून देतो. पांडवगडाचा डोंगर करायचा असेल तर नकाशातल्या वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा घ्यायच्या, प्रत्येक रेषेचा एक पुठ्ठा कापायचा आणि एकावर एक चिकटवायचे. संध्याकाळपर्यंत डोंगर तयार. दुसरे यंत्र फिरत्या पात्याचे. आपला सुतार रंधा-पटाशीने जे करतो तेच ते करते: ठोकळ्यातून नको तो भाग काढून टाकते. तिसरे यंत्र याच्या उलट आहे. ते काढीत नाही, भर घालते. प्लास्टिकची तार सुमारे दोनशे अंश सेल्सिअसला वितळवून तिचे थरावर थर चढवते. एक थर बहुधा मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. म्हणजे वीतभरापेक्षाही कमी, दहा सेंटिमीटर उंचीची वस्तू पाचशे थरांची होते. कुंभारीण माशी मातीचे घर बांधताना नेमके हेच करते. फरक इतकाच की माशीला नकाशा लागत नाही.

याच तऱ्हेने आता खऱ्या इमारतीही होऊ लागल्या आहेत. बंगळूरच्या केंब्रिज लेआउट भागात १०२१ चौरस फुटांची टपाल कचेरी काँक्रीटचे थर यंत्राने चढवून उभारली आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिचे उद्‌घाटन झाले. तेव्हा हे केवळ विद्यार्थ्यांचे खेळ आहेत असे समजून चालणार नाही.

अशा प्रयोगशाळेची कल्पना जगभर पसरली ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठातून. तेथे नील गर्शनफेल्ड या प्राध्यापकांनी १९९८ साली 'जवळजवळ काहीही कसे बनवावे' या अर्थाच्या नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. वर्ग थोड्या संशोधकांसाठी होता, पण नाना विषयांच्या विद्यार्थ्यांची रीघ लागली. त्यांत वास्तुकलेचेही होते. तेव्हा त्यांच्या मनात आले की, ही यंत्रे विद्यापीठाच्या भिंतींबाहेर सामान्य लोकांच्या हाती दिली तर काय होईल? त्यातून 'फॅब लॅब' निघाल्या. आज त्या जगात दोन हजारांवर आहेत. आणि अभिमानाची गोष्ट ही, की अमेरिकेबाहेर ज्या अगदी पहिल्या प्रयोगशाळा निघाल्या त्यांत आपल्या पुणे जिल्ह्यातील पाबळची एक आहे. ती २००२ साली सुरू झाली.

पाबळ हे शिरूर तालुक्यातील अवर्षणग्रस्त गाव. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. कलबाग अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेले, मुंबईत मोठ्या कंपनीत संशोधन केलेले शास्त्रज्ञ. निवृत्तीनंतर मुंबईत घरी बसून राहण्याऐवजी ते पाबळला गेले. त्यांचा सिद्धांत साधा होता: माणूस प्रत्यक्ष काम करताना जितके शिकतो तितके दुसऱ्या कशाने शिकत नाही, आणि ते काम गावाच्या उपयोगाचे असावे. शाळेत न टिकलेली मुले त्यांच्याकडे येत. ती वेल्डिंग करीत, वायरिंग करीत, शेती व कोंबड्या पाहत, माती-पाणी तपासत. आमच्या सातारा जिल्ह्याला ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि श्रम व शिक्षण यांची सोयरीक जुळवून दिली. भाऊरावांनी स्वतः किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव पायपीट केली होती, हेही येथे आठवावे.

पाबळच्या मुलांनी पुढे एक घर तयार केले. 'पाबळ डोम' म्हणून ते ओळखले जाते. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून गोल सांगाडा उभा करायचा, त्यावर जाळी बांधायची आणि सिमेंटचा गिलावा करायचा. त्रिकोणच का? चार काठ्यांना खिळे ठोकून चौकोन करा. कोपऱ्याला हलका धक्का दिला की तो कलतो. तीन काठ्यांचा त्रिकोण करा. खिळा उपटल्याखेरीज तो हलत नाही. हे तत्त्व आगपेटीच्या काड्यांच्या नमुन्यावर कोणत्याही मुलाला पाच मिनिटांत दाखवता येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे आपल्याच घरांखाली गेली, कारण सैल दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड धाबे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का तर सातारा जिल्ह्याच्या उरात अजून आहे. हलके, त्रिकोणांनी बांधलेले घर अशा वेळी डोक्यावर पडून जीव घेत नाही. किल्लारीनंतर त्या भागात असे घुमट उभारले गेले. नमुन्याची विद्या माणसाच्या जिवाला अशी येऊन भिडते.

फॅब लॅब आल्यावर पाबळला कोणते प्रश्न हाती घेतले, हे पाहण्यासारखे आहे. एक होता डिझेल इंजिनाचे टायमिंग जुळवण्याचा आणि दुसरा दुधाची प्रत मोजण्याचा. दुधाचा प्रश्न आपल्याला समजावून सांगावा लागू नये. शेतकरी दूध घालतो, मोजतो दुसराच, आणि भाव त्या मोजण्यावर ठरतो. आमच्या ऊसवाल्या भागात वजनकाट्याची कुरकुर कधी थांबली आहे काय? ज्याच्या हातात मोजमाप, त्याच्या हातात भाव. म्हणून स्वस्त मोजमापयंत्र गावातल्या पोरांनी स्वतः बनवण्याचा खटाटोप करणे, याला आम्ही नुसते तंत्रज्ञान म्हणत नाही. हे स्वराज्याचे काम आहे.

इतके ऐकून आपल्याला वाटेल की युनियनवाला आज यंत्रांची आरती करायला आला आहे. तसे नाही. आता आम्ही आमच्या पदरची हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; असे कारखाने पुष्कळ आहेत.

ओतकामाच्या एका कारखान्यात आमची युनियन होती. ओतकाम म्हणजे वाळूत पोकळी करायची आणि तीत लोखंडाचा रस ओतायचा. ती पोकळी उमटवण्यासाठी आधी लाकडाचा नमुना लागतो. त्याला पॅटर्न म्हणतात आणि तो करणाराला पॅटर्नमेकर. हा कारागिरांतला राजा. रस निवताना लोखंड आकसते, ओतीव बिडाच्या बाबतीत फुटाला सुमारे एक अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्नमेकरची फूटपट्टी मुळातच खोटी असते: तिच्यावरचा एक फूट खरोखर मोजला तर एक अष्टमांश इंचाने जास्त भरतो. खोट्या पट्टीने मोजून तो खरी वस्तू देतो. शिवाय नमुना वाळूतून अलगद वर निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. आतले कोपरे धारदार ठेवून चालत नाहीत. तेथे मेण किंवा चामड्याची पट्टी लावून गोलाई द्यावी लागते. नाही तर निवताना नेमका तेथेच तडा जातो.

आमच्या त्या कारखान्यात असे एक वृद्ध पॅटर्नमेकर होते. सारे त्यांना मिस्त्री म्हणत. कारखान्यात संगणक आला, पात्याने लाकूड कोरणारे यंत्र आले, आणि व्यवस्थापनाने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. आम्ही फाटकावर सभा घेतल्या, घोषणा दिल्या, चार महिने वाटाघाटी केल्या आणि निवृत्तीची रक्कम वाढवून घेतली. त्या दिवशी कामगारांनी आम्हांला हार घातले. मिस्त्रींनीही घातला. रक्कम घेऊन ते घरी गेले.

वर्ष झाले नसेल, तोच एका नव्या मालाला तडे जाऊ लागले. यंत्रावर इंजिनिअरिंग पास झालेला एक तरुण होता. मुलगा हुशार आणि गुणी होता. आकसण्याचे प्रमाण त्याने संगणकात बिनचूक घातले होते. तरी माल बाद होत होता. शेवटी कारखान्याने मिस्त्रींना रोजंदारीवर बोलावले. आम्ही त्या वेळी तेथे हजर होतो. मिस्त्रींनी चष्मासुद्धा लावला नाही. नमुन्यावरून हात फिरवला, आतल्या एका कोपऱ्यावर बोट थांबवले आणि म्हणाले, "हितं गोलाई न्हाई." मग ते दोन दिवस त्या मुलाजवळ बसले. कुठे किती गोलाई, जाड भाग आणि पातळ भाग कुठे मिळतो, रस कोठून आधी निवतो, सारे सांगितले. मुलाने ते संगणकात भरून घेतले. माल सुधारला. मिस्त्रींना दोन दिवसांची हजेरी मिळाली.

परत जाताना फाटकाजवळ त्यांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "भाऊ, पैशाचं समदं बोललासा. पर माझ्या हातातलं कुणाला द्यायचं, त्याचं काय बोलला न्हाईसा."

त्यांनी ते रागाने म्हटले नव्हते, म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले. चाळीस वर्षे त्या माणसाने हातात जे साठवले होते, त्याला आम्ही मागणीपत्रात एक ओळसुद्धा दिली नव्हती. आम्ही श्रमाची किंमत मागितली. ज्ञानाची किंमत मागायचे आम्हांला सुचले नाही. मालकाने यंत्र आणले हा त्याचा धंदा होता. पण यंत्र येण्यापूर्वी मिस्त्रींना त्या यंत्रापुढे बसवा, त्या मुलाला मिस्त्रींच्या हाताखाली वर्षभर द्या, आणि यंत्रात जे शहाणपण भरले जाईल त्याचा मोबदला ठरवा, ही मागणी आम्ही करायला हवी होती. ती चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, आमची होती. तेव्हापासून आम्ही नमुन्यांविषयी मिळेल ते वाचत आलो आहोत.

या वाचनात आपल्या वाईचा मोठा हात आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली या गावात मराठी विश्वकोश आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. रात्रपाळीनंतर ग्रंथालयात बसून ओतकाम, वास्तुकला, यंत्रे यांवरील नोंदी आम्ही अक्षर लावून वाचल्या आहेत. आम्हांला इंग्रजी पुस्तकाने वाट अडवली असती, ती विश्वकोशाने मोकळी करून दिली. मग आम्ही विचारतो, या नव्या प्रयोगशाळांतील यंत्रांची माहिती मराठीत का नसावी? पात्याचा वेग किती ठेवावा, लेझर चालू असताना धूर कसा बाहेर काढावा, कोणते प्लास्टिक जाळल्यास विषारी वायू निघतो, हे ज्या पोराच्या जिवाशी निगडित आहे, त्याला ते त्याच्या भाषेत समजू नये काय?

येथे एक इतिहासही लक्षात घ्यावा. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चे. तेथे वास्तुकलेचे जे शिक्षण सुरू झाले त्याची सुरुवात नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनच्या वर्गातून झाली. म्हणजे आधी हात तयार करण्याची शाळा होती, पदवी मागून आली. पुढे हात मागे पडला आणि पदवी पुढे गेली. नमुन्याच्या प्रयोगशाळेने पदवीधरांच्या हाताला पुन्हा काम दिले आहे, हे तिचे मोठे पुण्य आम्ही मानतो. वास्तुकलेचा विद्यार्थी पुठ्ठा कापताना बोट कापून घेतो, दोन तुकडे जुळत नाहीत म्हणून रात्र जागतो, तेव्हा कोठे त्याला कळते की कागदावरची रेषा आणि खरी वस्तू यांत जाडीचे अंतर असते. गवंड्याला हे पहिल्या आठवड्यात कळलेले असते.

म्हणून या प्रयोगशाळा चालवणारांपुढे आम्ही चार मागण्या मांडतो. मागण्या मांडणे हा आमचा जन्माचा धंदा आहे, तेव्हा आपण क्षमा करावी.

पहिली. प्रयोगशाळेचे दार संध्याकाळी कारागिरांसाठी उघडे ठेवा. दिवसा विद्यार्थी शिकोत. सहानंतर सुतार, गवंडी, पत्र्याचे काम करणारे, आयटीआयची मुले यांना तेथे येऊ द्या. यंत्र रात्रभर झाकून ठेवल्याने त्याचे आयुष्य वाढत नाही. सरकारने २०१६ पासून दहा हजार शाळांत अटल टिंकरिंग लॅब दिल्या. त्यांतल्या किती खोल्यांचे कुलूप संध्याकाळी निघते, हे पालकांनी आपापल्या गावी जाऊन पाहावे.

दुसरी. प्रत्येक प्रयोगशाळेत एक मिस्त्री शिक्षक म्हणून नेमा. पदवीची अट घालू नका, हात पाहा. आणि त्याला हजेरी देऊ नका, पगार द्या.

तिसरी. मिस्त्रीचे जे ज्ञान संगणकात भरले जाईल त्यावर त्याचे नाव राहू द्या. ढोल्या गणपतीच्या गवंड्यांची नावे आपण घालवली. आता लिहून ठेवणे इतके सोपे झाले असताना तीच चूक पुन्हा करू नये.

चौथी मागणी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना आहे. तुमच्या नमुन्यात झाडे असतात, मोटारी असतात, फिरायला निघालेली कागदी माणसे असतात. परांची मात्र नसते. इमारत कोणी बांधली, तो कोठे उभा राहिला, पंधराव्या मजल्यावर त्याचा पट्टा कशाला अडकवला होता, रात्री तो कोठे झोपला, यातले काहीच त्या सुंदर नमुन्यात दिसत नाही. संगणकावर इमारत आज मजल्यागणिक, दिवसागणिक चढताना दाखवता येते. मग परांचीही दाखवा. जी परांची नमुन्यात कोसळेल ती खऱ्या इमारतीत कोसळणार नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर बसला. त्यासाठी आमच्या लोकांनी पुष्कळ खपावे लागले. पण अपघात झाल्यावर मिळणाऱ्या मदतीपेक्षा न झालेला अपघात आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. तुमच्या टेबलावर एका दुपारच्या श्रमात ते साधण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. लोक म्हणतात, "तुम्ही मिस्त्रींना प्रयोगशाळेत बसवाल, पण शेवटी त्यांचे ज्ञान यंत्रातच जाणार, मग पुढच्या मिस्त्रीची गरज काय?" याचे उत्तर आम्ही फौंड्रीतच पाहिले. लोखंड बदलते, वाळू बदलते, नवी वस्तू येते, आणि तडा नव्या जागी जातो. यंत्राला जुना तडा माहीत असतो. नव्या तड्यापाशी पुन्हा कोणाला तरी बोट ठेवावे लागते. ते बोट तयार करणारी जागा जर आपण बंद केली, तर यंत्र शहाणे राहील आणि गाव अडाणी होईल. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर प्रथम आला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी भ्याले. ते भय चुकीचे ठरले, कारण नांगराची मूठ अखेर शेतकऱ्याच्याच हातात राहिली. या नव्या यंत्राची मूठ कोणाच्या हातात राहणार, एवढाच आमचा प्रश्न आहे.

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघाले ते सातारा, सांगली, कोल्हापूर अशा जिल्ह्यांच्या मुलांसाठी. याच पट्ट्यात ओतकामाच्या भट्ट्या आहेत, सुतार-लोहारांची घराणी आहेत, साखरेचे कारखाने आहेत. पाबळला जे जमले ते येथे न जमायला कारण दिसत नाही. वाईपुरते बोलायचे तर नगरपालिकेने एक खोली आणि विजेची जोडणी द्यावी, एखाद्या महाविद्यालयाने दोन यंत्रे द्यावीत, आणि गावातल्या निवृत्त मिस्त्रींनी आठवड्याच्या दोन संध्याकाळी. पहिला नमुना कशाचा करायचा, हेही आम्ही सुचवतो. ढोल्या गणपतीच्या देवळाचा करावा. पुठ्ठ्याचा नको, पाण्यात टिकेल असा. एका पन्हाळीत तो बसवावा, पाणी सोडावे, आणि ती माशासारखी पाठ लोंढा कसा फाडते हे मुलांनी स्वतः पाहावे. मग सपाट पाठीचे देऊळ करून तेही पाहावे. कृष्णेचे पाणी वाढत्या वर्षांगणिक कोणते रूप घेईल हे सांगता येत नाही. घाटावरच्या घरांना ही विद्या उपयोगी पडेल.

मिस्त्री आज हयात नाहीत. त्यांची ती खोटी फूटपट्टी त्यांच्या मुलाने आम्हांला दिली. आम्ही ती आज बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर ज्या मुलांना पाहायची असेल त्यांनी पुढे यावे, आणि साध्या पट्टीशेजारी ती लावून एक अष्टमांश इंच आपल्या डोळ्यांनी मोजावा. ज्या दिवशी वाईत अशी प्रयोगशाळा निघेल त्या दिवशी ती पट्टी आम्ही तेथे देऊन टाकू.